मशीन दमतं केव्हा?

(आपल्या शाळेच्या १९८९ च्या दहावीच्या तुकड्यांच्या स्नेहमेळाव्यात, 'आपापल्या कामातलं थोडं' या सत्रात केलेलं भाषण)



माझ्या आधी आपली डॉक्टर मैत्रीण मधुमेहावर बोलली. बँकेतला मित्र मृत्युपत्रावर बोलला. तो बोलत असताना सभागृहात एवढी शांतता पसरली होती की पंख्याचं बेअरिंग वाजतंय, हे मला इथे बसून कळलं. डावीकडून दुसरा पंखा. त्यात ग्रीस नाही. संयोजकांनी नंतर बघावं.

माझा विषय या दोघांच्या मानाने फारच साधा आहे. गाडीला पॉलिश करायचं मशीन, तेही सेकंडहँड घेतलेलं, आणि ते चालता चालता दमतं. बस, एवढंच. पण वीस मिनिटं ऐकून घ्या, कारण ते मशीन आपल्यातल्याच एकाचं आहे. तो आज समोर बसला आहे. मी परवानगी विचारली तेव्हा म्हणाला, "सगळं सांग, नाव तेवढं घेऊ नको, नाहीतर जेवताना प्रत्येक जण गाडी पुसायला सांगेल."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माहेर अंबरनाथ, राहायला बदलापूर, आणि गेली एकतीस वर्षं उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये आमचं वायंडिंगचं दुकान आहे. दुकान सासऱ्यांनी काढलेलं. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला होता, तेव्हा आमच्या तुकडीत आम्ही दोनच मुली होतो. लग्न ठरताना सासऱ्यांनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. "मेगर वापरता येतो का?" एवढंच विचारलं. येतो म्हटलं. झालं.

उल्हासनगरबद्दल बाहेरचे लोक हसतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण शाळेपासून ऐकतोय. पण या गावाची सुरुवात आठवा. युद्धाच्या काळातली लष्कराची छावणी, तिच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हातून झालेली पायाभरणी. गावाला नाव मिळालं, पण आजही पत्ता सांगताना आपण कॅम्पचा नंबरच सांगतो. ज्यांचं सगळं मागे राहिलं, त्यांनी हाताशी जे आलं ते दुरुस्त करून विकलं, वापरलं, पुन्हा विकलं. मोडलेली वस्तू टाकून द्यायची नाही, हा तिथे तत्त्वज्ञानाचा नाही, पोटाचा प्रश्न होता. त्यातूनच हे मार्केट उभं राहिलं. एका गल्लीत स्प्रिंग मिळते, दुसरीत कार्बन, तिसरीत जुनं मशीन उघडून त्यातलं चालू सामान काढून देणारा माणूस. पण याची दुसरी बाजूही आहे. ती आपल्या मित्राच्या मशीनमध्येच सापडली, तिच्याकडे येते.

तर हा मित्र. तीन वर्षांपूर्वी एमआयडीसीतली त्याची कंपनी बंद पडली. वय पन्नाशीचं. मुलगी इंजिनिअरिंगला. त्याने गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं काम सुरू केलं. दुकान नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन काम करायचं. बादली, कापड, पाण्याचा पंप आणि एक पॉलिशिंग मशीन. मशीन सेकंडहँड घेतलं, सात इंची पॅडचं, १२०० वॉटचं, वेग कमीजास्त करायला चकती असलेलं. नव्याच्या निम्म्याहून कमी किंमत. कंपनी चांगली आहे, नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच.

पहिले पंधरा दिवस छान. मग मशीन दमायला लागलं. दहा-बारा मिनिटं चाललं की आवाज खाली यायचा, पॅड जड फिरायचं, कधी नुसतं लटपटायचं. थोडा वेळ ठेवलं की पुन्हा चालू. अर्ध्या बॉनेटवर चकाकी आणि अर्ध्यावर पॉलिशचे पांढरे पट्टे सुकलेले, आणि गाडीमालक वरून गॅलरीतून बघतोय. असं तीनदा झालं. एका दुकानात दाखवलं. त्यांनी मशीन चालू केलं, जाळीतून आत बघितलं, कार्बनपाशी ठिणग्या दिसल्या, आणि म्हणाले, "आर्मेचर गेलं. नवीन टाकावं लागेल, नाहीतर दुसरं मशीन घ्या." दसरा पंधरा दिवसांवर. दसऱ्याच्या आधीचा आठवडा म्हणजे त्याची दिवाळी, कारण वर्षभर गाडी न पुसणाराही तेव्हा पूजेसाठी चकाकी मागतो. त्याच्याकडे चौदा गाड्यांची तोंडी ऑर्डर होती. दुसऱ्या मशीनसाठी तो पतपेढीचा फॉर्म घेऊन आला होता. त्या फॉर्मवर जामीनदार म्हणून सही करशील का, हे विचारायला तो माझ्याकडे आला. मशीन दाखवायला नाही, सही मागायला.

मी म्हटलं, "सही करते. पण आधी सांग, मशीन दमतं केव्हा?"

तो म्हणाला, "अगं, दमतं म्हणजे दमतं."

इथेच बहुतेकांचं चुकतं. पॉवर कमी होते ही तक्रार आहे, आजार नव्हे. आपल्या डॉक्टर मैत्रिणीकडे कुणी "अशक्तपणा वाटतो" म्हणून गेलं, तर ती लगेच हृदय बदलायला सांगत नाही. जिना चढताना की बसल्या बसल्या, सकाळी की संध्याकाळी, हे ती विचारते. मशीनलाही तेच. सुरू केल्या केल्या अशक्त आहे, की गरम झाल्यावर? पॅड हवेत असताना नीट फिरतं आणि गाडीवर टेकवल्यावर बसतं, की हवेतही बसतं? वायर हलवली की फरक पडतो का? आडवं धरलं, उभं धरलं, तर? एकाच सोसायटीत होतं की सगळीकडे? या पाच प्रश्नांना पैसे लागत नाहीत, आणि निम्मं मशीन न उघडता कळतं.

त्याची उत्तरं अशी होती. थंड असताना ठीक. गरम झाल्यावर दमतं, हवेतसुद्धा. सगळीकडे होतं, पण बदलापूरच्या एका सोसायटीत फारच.

शेवटचं उत्तर मी आधी धरलं, कारण नियम असा की बाहेरून आत यायचं. त्या सोसायटीत आम्ही दोघं गेलो. तो वॉचमनच्या केबिनमधल्या प्लगमधून तीस मीटरची वायर ओढून काम करायचा. आता सर, आपण शिकवलेला ओहमचा नियम इथे कामाला आला. आपण फळ्यावर त्रिकोण काढून वर व्ही आणि खाली आय, आर लिहायचात, तो त्रिकोण मी आजही कच्च्या कागदावर काढते. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०४ ओहम. वायर तीस मीटर, पण वीज जाते आणि परत येते, म्हणजे साठ मीटर. रोध साधारण २.३ ओहम. मशीन कामात असताना पाच अँपिअर घेतं. पाच गुणिले २.३, म्हणजे बारा व्होल्ट वायरनेच खाल्ले. केबिनमध्ये मीटरने २२८ दाखवले, मशीनपाशी, काम चालू असताना, २११. सतरा व्होल्ट गायब. बारा वायरचे, उरलेले पाच कुठे? प्लगला हात लावला तर चटका बसला. पिना सैल. पाच व्होल्ट गुणिले पाच अँपिअर म्हणजे पंचवीस वॉट. पंचवीस वॉटची सोल्डरिंग आयर्न प्लगमध्ये पेटवून ठेवल्यासारखंच झालं की ते. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असं ढोबळ धरलं, तर चौदा टक्के ताकद मशीनपर्यंत पोहोचतच नव्हती. शिवाय त्याने उरलेली वायर व्यवस्थित गुंडाळून ठेवली होती. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते आणि तापली की रोध आणखी वाढतो. जास्त भार असेल तर वरचं प्लास्टिक वितळतं.

उपाय सरळ. दीड चौरस मिलिमीटरची तीन पदरी वायर, पूर्ण उलगडून, चांगल्या प्लगसह. तेवढ्याच लांबीत चार व्होल्ट जातात. आणि पाण्याचं काम आहे म्हणून ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी लावलेला बोर्ड. हे मी त्याला विचारलंही नाही, करूनच दिलं. ओल्या फरशीवर, हातात विजेचं मशीन, पायात स्लिपर. इथे काटकसर मला मान्य नाही.

पण चौदा टक्क्यांनी मशीन लटपटत नाही. शिवाय इतर ठिकाणीही दमत होतं. म्हणून मशीन दुकानात आणलं.

या मशीनमधली मोटर म्हणजे आपल्या मिक्सरची थोरली बहीण. बाहेर स्थिर असलेली फील्डची गुंडाळी, आत फिरणारं आर्मेचर, आणि फिरत्या भागाला वीज पोहोचवायला दोन कार्बन, जे स्प्रिंगच्या दाबाने तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, म्हणजे कम्युटेटरवर, घासत राहतात. फील्ड, कार्बन, आर्मेचर, कार्बन, पुन्हा फील्ड, सगळं एकापाठोपाठ एक. म्हणजे साखळीत एक कडी सैल झाली की सगळंच सैल. ही मोटर एसीवरही चालते, डीसीवरही, म्हणून तिला युनिव्हर्सल म्हणतात. तिचा स्वभाव असा की भार पडला की वेग कमी करते आणि अँपिअर जास्त घेते.

या स्वभावाचा फायदा घ्यायचा. मशीन रिकामं चालवायचं आणि क्लॅम्प मीटरने अँपिअर बघत बसायचं. क्लॅम्प अख्ख्या वायरीभोवती लावला तर शून्यच दाखवतो, कारण जाणारी आणि येणारी वीज एकमेकींना पुसून टाकतात. एकच पदर त्यात घ्यावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे पदर वेगळे काढलेला हातभर वायरीचा तुकडा आहे, सासऱ्यांनी केलेला. आता लक्षात ठेवा, हे या भाषणातलं एकमेव लिहून घेण्यासारखं वाक्य आहे: मशीन दमताना अँपिअर वाढले तर त्याला कुणीतरी मागे ओढतंय, आणि अँपिअर घटले तर वीज कुठेतरी अडतेय. ओढणारे म्हणजे खराब बेअरिंग, गिअरबॉक्समधलं घट्ट झालेलं ग्रीस, पॅडवर जास्त दाब, आणि आतल्या आत शॉर्ट झालेलं आर्मेचर किंवा फील्ड. अडवणारे म्हणजे कार्बन, स्विचचे जळलेले पॉइंट, हँडलपाशी आतून तुटलेली वायर, आणि वेगाचं इलेक्ट्रॉनिक सर्किट.

मित्राचं मशीन सुरू केलं. दोन अँपिअर. स्टूल घेऊन तोही बसला. चहा आला. सातव्या मिनिटाला २.२. नवव्याला २.३. म्हणजे कुणीतरी ओढतंय. आणि अकराव्या मिनिटाला आवाज बसला आणि आकडा एकदम १.२ वर घसरून नाचायला लागला. म्हणजे वीज अडतेय. दोन्ही! मला तर आनंदच झाला. मित्राचा चेहरा मात्र पडला.

आवाज बसल्या बसल्या मी लाकडी दांड्याने कार्बनच्या टोपणावर, प्लास्टिकच्या बाहेरून, हलकी टिचकी मारली. मशीन खणखणीत उठलं. अर्ध्या मिनिटाने पुन्हा बसलं. दुसऱ्या बाजूला टिचकी मारली, काही नाही. पहिल्या बाजूला मारली, उठलं. म्हणजे सर्किट सुटलं, स्विच सुटला. एका बाजूचा कार्बन आपल्या घरात अडकत होता.

प्लग काढला. हे सांगावं लागतं, कारण स्विच बंद करून मशीन उघडणारे मी पाहिले आहेत. मशीन उघडायचं तर प्लग काढून आपल्या डोळ्यांसमोर ठेवायचा.

तो कार्बन बाहेर काढला आणि उल्हासनगरची ती दुसरी बाजू दिसली. कार्बन त्या मशीनचा नव्हता. कुणीतरी मोठ्या मापाचा कार्बन कानशीने घासून बसवला होता. आता घासून बसवणं हे पाप नाही. बंद पडलेल्या मॉडेलचा कार्बन मिळत नाही तेव्हा मीही घासते. पण तो चारही बाजूंनी सरळ घासला पाहिजे, जात तीच हवी, आणि पितळी घरात तो स्वतःच्या वजनाने खाली घसरला पाहिजे. हा एका कोपऱ्यात फुगीर होता. थंड असताना जेमतेम सरकायचा. तापला, पॉलिशची बारीक भुकटी कडेला साचली, की घट्ट. मग स्प्रिंग ढकलते पण तो पुढे येत नाही, कम्युटेटरपासून सुटतो, मध्ये ठिणगी उडते, ठिणगीने आणखी तापतो. जाळीतून दिसलेल्या ठिणग्या या होत्या.

ठिणग्यांविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण 'आर्मेचर गेलं' हा निकाल बहुधा त्यांच्यावरूनच दिला जातो. कार्बनच्या काठाशी बारीक निळसर ठिणग्या असतातच, नव्या मशीनलाही. कार्बन नवीन बसवला की थोड्या जास्त असतात, तो गोलाईला बसेपर्यंत. कम्युटेटरभोवती पूर्ण गोल कडं पेटल्यासारखं दिसलं, वार्निश जळल्याचा वास आला, आणि पट्ट्यांपैकी दोन-तीन काळ्या पडून बाकीच्या चकचकीत असल्या, तर मात्र आर्मेचरवर संशय घ्यावा. संशय, निकाल नव्हे. निकालासाठी ग्राउलर आहे. व्ही आकाराचा विद्युतचुंबक, त्यात आर्मेचर आडवं ठेवायचं, वर जुनं हॅकसॉचं ब्लेड हलकं धरायचं आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचं. एखादी गुंडाळी शॉर्ट असेल तर त्या खाचेवर ब्लेड थरथरतं, खालून कुणी धरून ओढल्यासारखं. आपल्याकडे या परीक्षेला पाच मिनिटं लागतात. मी ब्लेड मित्राच्याच हातात दिलं. सगळ्या खाचा झाल्या. ब्लेड शांत. त्याने पुन्हा एकदा फिरवून घेतलं. तरी शांत. फील्डच्या दोन्ही गुंडाळ्यांचा रोधही सारखा आला. ज्या आर्मेचरसाठी पतपेढीचं कर्ज निघणार होतं, ते ठणठणीत होतं.

आता राहिला ओढणारा. आर्मेचर हातात घेऊन मागचं बेअरिंग फिरवलं तर खरखर. सील काढलं तर ग्रीस नावालाच, आणि त्यात तांबूस करडी, पावडरीसारखी बारीक माती. तीच माती मशीनच्या आतल्या कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकांत. मी बोटावर घेऊन मित्राला दाखवली. बदलापूरच्या माणसाला ती ओळखायला वेळ लागत नाही. हा उल्हास नदीचा गाळ. २६ जुलै २००५ आपल्या सगळ्यांना आठवतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि बोटी, हेलिकॉप्टर आली होती, तेही आठवतं. २०२१ च्या जुलैतही पाणी चढलं. टीव्हीवर गाडी दिसली, पण त्या दिवसांत हेंद्रेपाडा, रमेशवाडीच्या बाजूला तळमजल्यावर किती मिक्सर, पंप, ड्रिल मशीनं पाण्याखाली गेली, हे आमच्यासारख्या दुकानांना माहीत. बरीच पुसून, वाळवून, पुन्हा बाजारात आली. विकणाऱ्याने लबाडी केली असंच नाही, त्यालाही कदाचित कुणी सांगितलं नसेल. गाळाने बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडले होते. तापलं की आतली रिंग फुगते, खड्डे घासतात, आर्मेचर ओढलं जातं. नऊ मिनिटांत दोनचे २.३ होतात ते असे.

पुराचं मशीन म्हटलं की बेअरिंगपेक्षा मला वेगळी भीती असते. गुंडाळ्यांच्या फटीत बसलेला गाळ दमट हवेत ओल धरतो आणि वीज अंगावर येऊ शकते. म्हणून मेगर लावला. ५०० व्होल्टवर दीड मेगाओहम आला. मशीन बंद पडणार नाही, पण हातात धरायच्या मशीनला हे मला चालत नाही. सगळं सुटं करून गाळ काढला, लाकडी खोक्यात बल्ब लावून दोन दिवस वाळवलं, वार्निशचा हात दिला, पुन्हा वाळवलं. मग मेगरने पन्नासच्या वर दाखवलं. तो चढला नसता, तर मी ते मशीन त्याला परत दिलंच नसतं, मैत्री गेली तरी चाललं असतं.

बाकीचं पटकन सांगते. मागचं आणि पुढचं, दोन्ही बेअरिंग नवी. योग्य मापाचे कार्बन, जोडीने, कारण एकच बदलला तर दोघांचा दाब सारखा राहत नाही. कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ, एमरी पेपरने नाही, कारण त्याचे वीजवाहक कण पट्ट्यांच्या फटीत बसतात. फटी टोकदार सुईने मोकळ्या. गिअरबॉक्समधलं सुकलेलं ग्रीस काढून नवीन, तेही बेताने, ठासून भरलं तर तेच ओढायला लागतं. आणि हवेच्या जाळ्या. पॉलिशरचा हा खास रोग आहे: लोकरी पॅडचे तंतू मशीन आत ओढून घेतं, त्यांची गादी तयार होते आणि मोटरचा श्वास कोंडतो. मित्राच्या मशीनमधून निघालेल्या लोकरीतून बाहुलीला टोपडं झालं असतं. मग पंधरा-वीस मिनिटं रिकामं चालवलं, कार्बन गोलाईला बसायला.

सामानाचा सगळा खर्च साडेपाचशे रुपयांच्या आत. मजुरी मी सांगणार नाही, तो इथेच बसलाय.

सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांनी, आणि मला माहीत आहे की या सभागृहात 'स्वस्तात मिळालं' म्हणून काहीबाही घरी आणणारे किमान दहा जण आहेत, विकत घेताना काय बघावं? दुकानदार मशीन पाच सेकंद फिरवून दाखवतो. ते पुरेसं नाही. वीस मिनिटं चालवायला मागा, नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. प्लग काढून पॅडची दांडी हाताने फिरवा, वरखाली हलवून बघा. कार्बनची टोपणं उघडा आणि कार्बन सहज बाहेर येतो का, तो मूळचा आहे की घासलेला, हे बघा. स्क्रूच्या भोकांत माती आहे का, ते बघा. आणि पाटी वाचा. कारण बाजारात साध्या ग्राइंडरला लोकरी पॅड लावून पॉलिशर म्हणून विकतात. पॉलिशर मिनिटाला सहाशे ते तीन हजार फेरे फिरतं, छोटा ग्राइंडर अकरा हजार. सात इंची पॅड अकरा हजारांवर फिरलं, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो. परीघ काढायचं सूत्र आहे, बाई, आपण छडीसकट शिकवलेलं, घरी जाऊन पडताळा. त्या वेगात पॅड सुटलं तर गाडीचा रंग जाणं ही सगळ्यात छोटी गोष्ट.

दसऱ्याच्या आधी त्या चौदा गाड्या झाल्या, शिवाय त्या सोसायटीतल्या आणखी तीन. पतपेढीचा फॉर्म कोरा राहिला. त्याच्या मागच्या बाजूला आता मित्राचा हिशेब आहे: कोणत्या तारखेला कार्बन किती मिलिमीटर उरला. सहाच्या खाली गेला की बदलायचा, असं मी सांगितलंय. तो मला दर महिन्याला फोटो पाठवतो. कधी कधी रात्री अकरा वाजता.

मशीन त्याच्या गाडीत आहे, बाहेर पार्किंगमध्ये. जेवणानंतर ज्यांना क्लॅम्प मीटरचा आकडा बघायचा आहे त्यांनी या. सर, आपण तर याच. एक्स्टेन्शन मी आणलं आहे, शाळेचं वापरायचं नाही, त्याचा प्लग मी सकाळीच हात लावून बघितला.